शेवटच्या नळापासून सुरुवात: गावाच्या पाणीयोजनेचा गावानेच करायचा अभ्यास

महाबळेश्वरला वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो आणि तिथून सरळ रेषेत शंभर किलोमीटरच्या आत असलेल्या माण तालुक्यात तो पाचशेच्या आसपास असतो. सातारा जिल्ह्याची ही विषमता शाळेच्या पुस्तकातही असते. मात्र तशीच विषमता एकाच गावात, एकाच टाकीच्या खाली, पहिल्या आणि शेवटच्या नळातही असते, आणि तिची नोंद कुठेच होत नाही. टाकीजवळच्या घरी अंगणात सडा घालून उरेल इतके पाणी येते, तर वरच्या वस्तीवर पहिली कळशी भरेपर्यंत पाणी जाते. ग्रामसभेत त्यावर भांडण होते, "विहिरीलाच पाणी कमी आहे" असे उत्तर मिळते आणि विषय पुढच्या उन्हाळ्यावर जातो.

हा लेख त्या उत्तराची तपासणी कशी करायची, याविषयी आहे. विहिरीला खरोखर पाणी कमी आहे का, की पाणी आहे पण गळते? की गळत नाही पण चढत नाही? की चढते पण वाटेतल्या मोटारी ओढून घेतात? या चारही आजारांची औषधे वेगवेगळी आहेत, आणि निदान न करता नवी विहीर किंवा नवी टाकी मंजूर करून घेणे हा आपल्याकडचा सर्वांत महागडा शिरस्ता आहे. निदानासाठी लागणारी अवजारे घरातच सापडतात: पंधरा लिटरची बादली, सेकंद काटा असलेले घड्याळ, मोजपट्टी, गवंड्याकडची पारदर्शक लेव्हल-नळी आणि दोनशे पानी वही. खाली दिलेला क्रम माण, खटाव, जत, आटपाडी, कवठेमहांकाळ अशा कमी पावसाच्या तालुक्यांतील विहीर-टाकी-नळ या पद्धतीच्या योजना डोळ्यांसमोर ठेवून लिहिला आहे. पाटण-जावळीकडच्या झऱ्याच्या पाण्यावर चालणाऱ्या योजनांना पंपाचा भाग वगळून तो तसाच लागू पडतो.

पहिली पायरी: प्रश्न नेमका करणे

"गावाची पाणीटंचाई" हा अभ्यासाचा प्रश्न होऊ शकत नाही, कारण त्याचे उत्तर मोजता येत नाही. "वरच्या वस्तीतल्या शेवटच्या पाच घरांना एप्रिल महिन्यात माणशी किती लिटर पाणी मिळते, आणि ते टाकीजवळच्या पाच घरांच्या तुलनेत किती कमी आहे?" हा प्रश्न मोजता येतो. १५ ऑगस्ट २०१९ रोजी जाहीर झालेल्या जल जीवन मिशनने दर माणशी दर दिवशी ५५ लिटर हे प्रमाण ठेवले आहे, त्यामुळे तुलनेसाठी एक आकडा आपल्या हातात आयताच आहे.

मात्र हा आकडा सरासरीने तपासला की फसगत होते. समजा, टाकीजवळच्या घरी पंधरा लिटरची बादली ४५ सेकंदांत भरते, म्हणजे मिनिटाला २० लिटर. शेवटच्या घरी तीच बादली भरायला ५ मिनिटे लागतात, म्हणजे मिनिटाला ३ लिटर. पाणी ४० मिनिटे सुटते. पाच माणसांच्या पहिल्या घराला माणशी १६० लिटर मिळाले, पाच माणसांच्या शेवटच्या घराला माणशी २४ लिटर. दोघांची सरासरी ९२ लिटर निघते आणि कागदावर गाव उत्तीर्ण होते. म्हणून या अभ्यासात सरासरी काढायचीच नाही असे नव्हे, पण ती सर्वांत शेवटी काढायची आणि शेवटच्या नळाचा आकडा सर्वांत वर लिहायचा.

दुसरी पायरी: अभ्यास करणारे गट

ग्रामपंचायतीची पाणीपुरवठा व स्वच्छता समिती कागदावर असतेच. मिशनच्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे तिच्यात निम्म्या महिला आणि एक चतुर्थांश दुर्बल घटकांतील सदस्य असणे अपेक्षित आहे. समितीतले दोन-तीन जण, बचत गटातल्या चार बाया, बारावीपर्यंत शिकलेली दोन मुले आणि गावचा वॉलमन (व्हॉल्व्ह उघडून पाणी सोडणारा कर्मचारी) एवढा गट पुरतो. वॉलमनला बाहेर ठेवून अभ्यास करण्याची चूक बहुतेक ठिकाणी होते, कारण संशयाची सुई त्याच्याकडेच असते. प्रत्यक्षात कुठला व्हॉल्व्ह अर्धवट बसतो, कुठल्या आळीत लाईन दोनदा जोडली आहे आणि कुठल्या घरची मोटार सुरू झाली की पुढचे पाणी बंद होते, हे गावात फक्त त्यालाच ठाऊक असते. त्याचा पगार वेळेवर होत नसेल तर अभ्यासाआधी तो विषय काढावा. लोक मग मोकळेपणी बोलतात.

बाहेरची मदत घ्यायची असेल तर अभियांत्रिकी महाविद्यालये जवळ आहेत. सांगलीचे वालचंद महाविद्यालय आणि कराडचे शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय यांच्या विद्यार्थ्यांना प्रकल्पासाठी खरा प्रश्न हवाच असतो, आणि राज्य शासनाने २०१६ मध्ये सुरू केलेल्या उन्नत महाराष्ट्र अभियानाचा हेतूच महाविद्यालयांनी आसपासच्या गावांचे असे प्रश्न अभ्यासावेत हा आहे. पत्र ग्रामपंचायतीच्या ठरावासह पाठवावे आणि त्यात पहिल्या पायरीतला नेमका प्रश्न लिहावा. "आमच्या गावाला मार्गदर्शन करावे" अशा पत्राला उत्तर येत नाही.

तिसरी पायरी: विहिरीपासून शेवटच्या तोटीपर्यंत चालणे

एका सकाळी सगळा गट विहिरीपासून निघतो आणि पाणी जसे जाते तसा चालत जातो. विहीर, पंपघर, मेन लाईन, टाकी, व्हॉल्व्ह, आळी, वाडी, मळा. वहीत हाताने नकाशा काढायचा. प्रमाणबद्ध नसला तरी चालतो, पण प्रत्येक व्हॉल्व्हला आणि प्रत्येक वस्तीला क्रमांक द्यायचा. नळीचा व्यास जिथे उघडा दिसेल तिथे मोजायचा. याचे कारण असे की निम्म्या व्यासाच्या नळीतून निम्मे पाणी जात नाही. तेवढ्याच उतारावर ते साधारण सहाव्या हिश्श्यावर येते. टाकीपासून चार इंची लाईन निघाली आणि पैसे संपले म्हणून पुढे दोन इंची टाकली, असे कितीतरी वाड्यांचे झाले आहे, आणि तिथे विहिरीत कितीही पाणी असले तरी ते वाडीपर्यंत पुरेसे पोहोचू शकत नाही.

चढ-उतार हा दुसरा प्रश्न. मोबाईलवर दिसणाऱ्या उंचीवर विसंबू नये, तिच्यात कित्येक मीटरची चूक असते. गवंडी पायाची पातळी काढतात ती पाण्याने भरलेली पारदर्शक नळी घ्यावी, तिच्यात हवेचा बुडबुडा राहू देऊ नये, आणि दहा-पंधरा मीटरच्या टप्प्यांनी टाकीच्या पायथ्यापासून वस्तीपर्यंत पातळी नेत जावी. एक सकाळ जाते, पण उत्तर पक्के मिळते. टाकीच्या तळापेक्षा शेवटचा नळ दहा मीटर खाली असेल तर पाणी थांबलेले असताना तिथे चौरस सेंटिमीटरला सुमारे एक किलोचा दाब असतो. तो एक-दोन मीटरच खाली असेल तर चालू पाण्यात नळीच्या घर्षणातच सगळा दाब संपतो. आणि वस्ती टाकीच्या तळाच्या वर असेल तर वॉलमनला कितीही बोल लावले तरी पाणी चढणार नाही. अशा वस्तीला स्वतंत्र साठवण टाकी आणि छोटा पंप, किंवा मेन लाईनवरून थेट भरली जाणारी वेगळी टाकी, हाच मार्ग उरतो.

या फेरीत नळाशिवाय राहिलेली घरेही नोंदवावीत. आपल्याकडे अर्धे गाव गावठाणात आणि अर्धे मळ्यांत, वस्त्यांवर राहते. योजनेचा आराखडा गावठाण धरून होतो. ज्यांची घरे गायरानात आहेत, ज्यांच्या नावावर उतारा नाही, त्यांना कनेक्शन नाकारले गेले असेल तर ते कारणासह लिहावे.

चौथी पायरी: मोजणी

मोजणी तीन ठिकाणी होते: विहिरीत, टाकीत आणि नळावर.

विहिरीची मोजणी उन्हाळ्यातच करावी, कारण ऑगस्टमध्ये सगळ्याच विहिरी उदार असतात. आपल्या भागातला खडक काळा बेसॉल्ट आहे. पाणी वरच्या मुरमाड, झिजलेल्या थरात आणि भेगांत साठते, त्यामुळे पावसाळ्यानंतर भरलेली विहीर मार्चमध्ये तळ गाठू शकते. नेहमीप्रमाणे उपसा करून पंप बंद करावा, काठावरून पाण्यापर्यंतचे अंतर मोजपट्टीने घ्यावे आणि दर तासाला पुन्हा घ्यावे. विहिरीचा व्यास ८ मीटर असेल तर एक सेंटिमीटर पाणी चढणे म्हणजे सुमारे ५०० लिटर. सहा तासांत पातळी ३० सेंटिमीटर वर आली तर तासाला अडीच हजार लिटरची आवक आहे. पाणी वर येत जाईल तशी आवक मंदावते, म्हणून पहिल्या तासाचा आकडा चोवीसने गुणण्याचा मोह टाळावा. शेजारच्या शेतकऱ्यांचे पंप कोणत्या वेळी चालू होते हेही शेजारी लिहावे. सार्वजनिक पिण्याच्या विहिरीपासून ५०० मीटरच्या आत नवी विहीर किंवा बोअर खोदण्यावर राज्याच्या १९९३ च्या भूजल कायद्यानेच निर्बंध आणले, त्यालाही आता तीन दशके होऊन गेली. तरी त्या अंतरात बोअर किती झाल्या हे मोजून पाहणारे गाव विरळाच.

टाकीची मोजणी रात्री करावी, आणि ती मला या साऱ्या खटाटोपातली सर्वांत समाधान देणारी गोष्ट वाटते. टाकी भरून घ्यायची, पंप बंद, सर्व नळ बंद करण्याची दवंडी, आणि वितरणाचा मुख्य व्हॉल्व्ह मात्र उघडा. रात्री अकराला पातळी घ्यायची आणि पहाटे तीनला पुन्हा. टाकीचा आतला व्यास ६ मीटर असेल तर एक सेंटिमीटर म्हणजे सुमारे २८३ लिटर. चार तासांत पातळी २० सेंटिमीटर उतरली, तर कोणीही नळ न उघडता साडेपाच हजार लिटरहून जास्त पाणी जमिनीत गेले. ते शंभर माणसांचे एका दिवसाचे पाणी आहे. रिकाम्या लाईनी भरायला सुरुवातीला थोडे पाणी जाते, म्हणून व्हॉल्व्ह उघडल्यावर पहिला अर्धा तास सोडून मोजावे. पुढच्या रात्री एकेका आळीचा व्हॉल्व्ह बंद करत गेले की गळती कुठल्या फाट्यावर आहे तेही कळते.

नळावरची मोजणी म्हणजे बादली आणि घड्याळ. प्रत्येक वस्तीत पहिला, मधला आणि शेवटचा असे तीन नळ निवडायचे. पाणी सुटल्यावर पाच मिनिटांनी, मध्ये आणि बंद होण्याआधी अशा तीन वेळा बादली लावायची. पाणी किती वाजता आले आणि किती वाजता गेले तेही लिहायचे. हे सलग चौदा दिवस करायचे, कारण वीज, बिघाड आणि बाजाराचा दिवस यांमुळे एका दिवसाच्या मोजणीला अर्थ नसतो. यात्रेचा आठवडा वगळावा. गलाईच्या (सोने-चांदी गाळण्याच्या) धंद्यासाठी परमुलखात गेलेली खानापूर-आटपाडीकडची कुटुंबे त्या आठवड्यात घरी येतात आणि गाव दुप्पट होते.

खटाव तालुक्यातल्या एका वस्तीवर ही मोजणी चालू असताना घड्याळ ज्या बाईंच्या हातात होते त्यांनी ग्रामसभेत कधी तोंड उघडले नव्हते. पाचव्या दिवशी बादली अर्धी झाली आणि धार एकदम करंगळीएवढी झाली. त्यांनी घड्याळात पाहिले, वहीत वेळ लिहिली आणि शांतपणे म्हणाल्या, "सहा दहाला रोजच असं होतंय." खाली चौकशी केली तेव्हा सहा दहाला तीन घरांत टिल्लू पंप (नळाला जोडून पाणी ओढणारी छोटी मोटार) सुरू होत असल्याचे कळले. पाणी कमी येते ही तक्रार त्या वस्तीने दहा वर्षे केली होती. ती अमुक वाजता कमी होते, हे त्या दिवशी पहिल्यांदा कागदावर आले.

पाचवी पायरी: घरोघरची विचारपूस

नळ काय देतो ते मोजून झाले. आता घराला काय पडते ते विचारायचे. ग्रामपंचायतीच्या नमुना ८ (घरपट्टी आकारणीची नोंदवही) मधून घरांची यादी मिळते, पण ती अपुरी धरून चालावे आणि तिसऱ्या पायरीत सापडलेली घरे तिच्यात घालावीत. तीनशे घरांच्या गावात साठ घरे पुरतात. मात्र दर पाचवे घर अशी सरसकट निवड केली तर बारा घरांच्या वस्तीतली दोनच घरे येतात आणि त्या वस्तीबद्दल काहीच म्हणता येत नाही. म्हणून प्रत्येक वस्तीतून किमान आठ घरे घ्यावीत आणि निकाल वस्तीवार मांडावा. जातीचा रकाना ठेवण्याची गरज पडत नाही. आपल्या गावांत वस्ती म्हटली की पुरेसे कळते, आणि अभ्यासाचा हा भाग जितका कमी बोलका ठेवाल तितकी उत्तरे खरी येतात.

"साधारण किती पाणी लागते?" असे विचारू नये, "काल किती हंडे भरले?" असे विचारावे आणि तो हंडा एकदा बादलीने मोजून घ्यावा, कारण एका घरचा हंडा दुसऱ्या घरच्या हंड्याएवढा नसतो. प्रश्न पाणी भरणाऱ्या बाईला विचारावा. ओट्यावर बसलेल्या कर्त्या पुरुषाला विचारले तर "पाण्याचं काय, येतंय की" असे उत्तर मिळते. पाण्यासाठी किती वेळ जातो, पाणी येण्याच्या वेळेमुळे मजुरीचा खाडा होतो का, मुलगी शाळेला उशिरा जाते का, गोठ्यात किती जनावरे आहेत, जार विकत घेता का, टँकर मागवता का, एवढे पुरे. उत्पन्न थेट विचारले की उत्तर चुकीचे येते. रेशनकार्ड पिवळे, केशरी की पांढरे, आणि घरात मजुरीला कितीजण जातात, यावरून अंदाज बांधावा. वहीत नावाऐवजी घराचा क्रमांक लिहावा.

जनावरांचा प्रश्न मुद्दाम घातला आहे. संकरित गाय दिवसाला साठ-सत्तर लिटर पाणी सहज पिते, आणि ५५ लिटरच्या हिशेबात ती कुठेच नाही. दूधधंद्यावर चालणाऱ्या घराने नळाचे पाणी गोठ्याला वापरले तर त्याला चोर म्हणण्यापेक्षा गोठ्याच्या पाण्याची सोय आणि दर वेगळा करणे शहाणपणाचे आहे.

सहावी पायरी: पाणीपट्टीचा हिशेब

पाणीपट्टी किती असावी, हे बहुतेक गावांत शेजारच्या गावाकडे पाहून ठरते. ती खर्चावरून काढावी. एक काल्पनिक हिशेब करून पाहू. गावात ३०० घरे, १,५०० माणसे. रोजची गरज ८२,५०० लिटर. पाच अश्वशक्तीचा पंप सात तास चालतो आणि तासाला साडेचार युनिट वीज घेतो. महिन्याचे ९४५ युनिट झाले. बिलावरचा दर सर्व आकारांसह युनिटला ६ रुपये धरला तर वीज ५,६७० रुपये. वॉलमनचे मानधन ८,००० रुपये, टीसीएल (पाणी शुद्ध करण्याची क्लोरीनची) पावडर ८०० रुपये, आणि मोटार जळणे, लाईन फुटणे यासाठी दरमहा बाजूला टाकायचे ४,५०० रुपये. एकूण १८,९७० रुपये, म्हणजे घरटी ६३ रुपये. हजार लिटरला पावणेआठ रुपयांच्या आत. यातली शेवटची रक्कम बहुतेक ग्रामपंचायती धरतच नाहीत, आणि म्हणून मोटार जळाली की गाव आठ दिवस कोरडे राहते.

आता वसुली ८० टक्के असेल तर तोच खर्च २४० घरांवर पडतो आणि पट्टी ७९ रुपयांवर जाते. नियमाने भरणाऱ्याने चुकवणाऱ्याला पाणी पाजायचे, असा त्याचा सरळ अर्थ आहे.

पाणी आणि स्वच्छतेवरचा खर्च कुटुंबाच्या उत्पन्नाच्या ३ ते ५ टक्क्यांच्या आत असावा, असा एक मापदंड जगभर वापरला जातो. महिन्याला ८,००० रुपये मिळवणाऱ्या मजुराच्या घराला ६३ रुपये एक टक्काही होत नाहीत. मग तो पट्टी का थकवतो? पाचव्या पायरीतल्या वहीत याचे उत्तर सापडते. नळाचे पाणी खात्रीचे नाही म्हणून तो रोज १० रुपयांचा जार घेत असेल, तर महिन्याला ३०० रुपये तिकडे जातात आणि एकूण खर्च ३६३ रुपये, साडेचार टक्के होतो. हजार लिटरच्या भाषेत बोलायचे तर वीस लिटरचा तो जार ५०० रुपये हजार लिटर या भावाने पडतो. गरीब घराला पाणी महाग पडते ते पट्टीमुळे नव्हे, तर पट्टी भरूनही भरवसा नसल्यामुळे. पट्टी माफ करा ही मागणी लोकप्रिय असते, पण तिने जारचे तीनशे रुपये वाचत नाहीत. वॉलमनचा पगार मात्र थकतो आणि नळ आणखी बेभरवशाचा होतो.

याचा अर्थ सर्वांना एकच पट्टी असावी असा नाही. वरच्याच उदाहरणात एकटी राहणारी वृद्धा, विधवा, भूमिहीन अशा ४० घरांना ३० रुपये, २३० घरांना ६० रुपये आणि मोठे गोठे, हॉटेल, दोन कनेक्शने असलेल्या ३० घरांना १३५ रुपये ठेवले तर १९,०५० रुपये जमतात, खर्च भागतो. ज्या वस्तीवर मोजणीने माणशी २४ लिटर निघाले आहे, तिथे पाणी सुधारेपर्यंत निम्मी पट्टी ठेवावी आणि ही सवलत ठरावात मुदतीसह लिहावी. मीटर बसवणे शक्य असेल तर गोष्ट आणखी सोपी होते. कराडला लागून असलेल्या मलकापूरने मीटर बसवून चोवीस तास पाणी दिले आणि वापर वाढेल तसा दर वाढत जाईल अशी पट्टी ठेवली. मीटर नसलेल्या गावाने निदान टाकीच्या तोंडाशी एक मोठे मीटर बसवावे.

भरण्याची वेळ हाही परवडण्याचाच भाग आहे. मार्चमध्ये एकदम ७५६ रुपये मागितले तर मजूर घर अडते. ऊसतोडीची उचल, मेंढरे घेऊन दिवाळीनंतर कोकणात उतरणाऱ्या मेंढपाळांचा परतीचा काळ, दुधाचा दहा दिवसांचा पगार यांचे आपापले हंगाम आहेत. हप्ते त्याप्रमाणे पाडावेत. सहा महिने कुलूप असणाऱ्या मेंढपाळाच्या घराकडून वर्षाची पूर्ण पट्टी घ्यायची की नाही, हे ग्रामसभेने एकदाच ठरवून टाकावे.

सातवी पायरी: पाण्याचा कस

यावर थोडक्यात, कारण परीक्षणाचे प्रशिक्षण मिशनमधून गावातल्या पाच महिलांना देण्याची तरतूद आहे आणि तपासणीचा संचही ग्रामपंचायतीत असायला हवा. बऱ्याचदा तो कपाटात बंद असतो. दोन गोष्टी मात्र अभ्यासात हव्यात. शेवटच्या नळावर उरलेला क्लोरीन लिटरला किमान ०.२ मिलिग्रॅम असायला हवा. टाकीपाशी घेतलेल्या ओटी (पाण्यातला क्लोरीन दाखवणाऱ्या) चाचणीने काही सिद्ध होत नाही. आणि एक दिवसाआड पाणी येणाऱ्या गावात लाईन रिकामी असताना गटारीजवळच्या सांध्यातून घाण आत ओढली जाते, म्हणून जिवाणू तपासणीच्या बाटलीत (दूषित पाणी तिच्यात काळे पडते) नमुना घ्यायचा तो एक पहिल्या धारेचा आणि एक दहा मिनिटांनंतरचा. पहिला काळा पडला आणि दुसरा नाही, तर दोष विहिरीत नसून लाईनीत आहे.

टीसीएलचा हिशेब असा: ८२,५०० लिटरला लिटरमागे २ मिलिग्रॅम क्लोरीन म्हणजे १६५ ग्रॅम, पावडरमध्ये ३३ टक्के क्लोरीन असेल तर अर्धा किलो, २५ टक्के असेल तर ६६० ग्रॅम. उघड्या पोत्यातली पावडर आठवड्या-आठवड्याला कमजोर होते. ती बादलीत कालवून, चुना खाली बसू देऊन, वरची निवळी टाकीत ओतायची आणि अर्धा तास थांबून पाणी सोडायचे. कृष्णाकाठच्या ऊसपट्ट्यात उथळ विहिरींचे नायट्रेट (मर्यादा ४५ मिलिग्रॅम) आणि जतसारख्या भागात बोअरच्या पाण्यातले क्षार व फ्लोराईड (अपवादात्मक स्थितीतही कमाल १.५ मिलिग्रॅम) वर्षातून एकदा प्रयोगशाळेतून तपासून घ्यावेत.

आठवी पायरी: एका वेळी एकच बदल

इथपर्यंतचे काम म्हणजे निदान. आता उपचार करायचा, आणि तो लागू पडला की नाही हेही मोजायचे. उत्साहाच्या भरात गाव एकाच आठवड्यात गळती काढते, पंप जप्त करते आणि वेळापत्रक बदलते. पाणी सुधारते, पण कशाने सुधारले ते कळत नाही आणि पुढच्या वर्षी पैसे कशावर घालायचे तेही कळत नाही. म्हणून आधीच्या चौदा दिवसांचे आकडे हाताशी ठेवून एकच बदल करावा, पुन्हा चौदा दिवस त्याच नळांवर त्याच बादलीने मोजावे, आणि जिथे बदल केला नाही अशा एका वस्तीचीही मोजणी चालू ठेवावी. तिथेही पाणी वाढले असेल तर श्रेय वीजपुरवठ्याचे किंवा वळवाच्या पावसाचे, तुमच्या बदलाचे नव्हे.

सुरुवात बिनखर्चाच्या बदलापासून करावी: पाण्याची पाळी उलटी करणे. भरलेल्या टाकीचे पाणी आधी शेवटच्या वस्तीला आणि मग खाली. त्यानंतर वेळ वेगळी करणे, म्हणजे वरच्या वस्तीच्या वेळेत खालचे व्हॉल्व्ह पूर्ण बंद. त्यानंतर गळती. मग टाकीजवळच्या कनेक्शनांवर लहान भोकाचे फेरूल (लाईनीवरून घराला पाणी देणारा जोड) किंवा प्रवाह मर्यादित ठेवणारी चकती, आणि लाईनीच्या उंचवट्यावर एअर व्हॉल्व्ह, कारण अडकलेली हवा पाण्याची वाट नुसती अडवून बसते. टिल्लू पंपांवर दंड करण्याआधी हे सर्व करावे असे माझे मत आहे; धार बरी असेल तर निम्मे पंप आपोआप माळ्यावर जातात. उरलेल्यांसाठी पाणी सुटण्याच्या वेळेत त्या फाट्याची वीज बंद ठेवण्याची विनंती हा गावोगाव वापरला जाणारा उपाय आहे. नवी टाकी, नवी लाईन, नवी विहीर यांची पाळी या सगळ्यानंतर.

नववी पायरी: ग्रामसभा आणि पैसा

निष्कर्ष आधी शेवटच्या वस्तीत वाचून दाखवावेत, मग ग्रामसभेआधी होणाऱ्या महिला सभेत, आणि मग ग्रामसभेत. अहवाल चार पानांहून मोठा नको. पहिल्या पानावर गावाचा हाताने काढलेला नकाशा आणि प्रत्येक वस्तीवर एकच आकडा, माणशी लिटर. लोक तो नकाशा पाहत असताना जी शांतता पसरते तिच्यात बोलणाऱ्याने घाई करू नये.

"पाणी ज्याच्या दारात त्याचे" या समजुतीला या भागात जुने आव्हान आहे. खानापूर तालुक्यात येरळा नदीवर शेतकऱ्यांनी उभारलेल्या बळीराजा स्मृती धरणात भूमिहीनांसह प्रत्येक कुटुंबाला पाण्याचा वाटा हे तत्त्व ठेवले गेले, आणि १९९३ पासून आटपाडीला क्रांतिवीर नागनाथअण्णा नायकवडी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी समन्यायी पाणीवाटपाच्या परिषदा भरवल्या. सिंचनाच्या पाण्यासाठी तेरा दुष्काळी तालुक्यांनी जे मागितले, तेच नळाच्या पाण्यासाठी गावाने आपल्याच वस्तीला नाकारणे अवघड जाते. ग्रामसभेत हा मुद्दा काढायला हरकत नाही.

ठरावात बदल, खर्च, जबाबदार व्यक्ती आणि तारीख लिहावी. पंधराव्या वित्त आयोगाने २०२१-२६ साठी ग्रामपंचायतींच्या निधीतला ६० टक्के वाटा बंधित ठेवला आणि त्यातला निम्मा पाण्यासाठी राखला. असा बंधित निधी पाणीपुरवठ्याच्याच दुरुस्तीला लागतो आहे ना, हे ग्रामपंचायत अधिकाऱ्यांकडून (पूर्वीचे ग्रामसेवक) आकड्यांत विचारून घ्यावे. मिशनच्या कामांत गावांतर्गत खर्चाची लोकवर्गणी सर्वसाधारण गावांना १० टक्के, तर डोंगराळ भागात आणि निम्म्याहून अधिक अनुसूचित जाती-जमातींची वस्ती असलेल्या गावांना ५ टक्के धरली आहे. ती घरटी सारखी न वाटता सहाव्या पायरीतल्या तीन गटांप्रमाणे वाटावी.

शेवटची बाब वहीची. ती ग्रामपंचायतीच्या कपाटात न ठेवता ज्या वस्तीवर शेवटचा नळ आहे तिथल्या बचत गटाकडे ठेवावी, दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी तीन बादल्या मोजून तिच्यात लिहाव्यात, आणि एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात विहीर, टाकी व नळ यांची पूर्ण मोजणी पुन्हा करावी. बादली मात्र तीच ठेवावी. नवी घेतली तर आधी तिच्यात पंधरा लिटर मोजून ओतावेत आणि आतून रंगाने खूण करावी.